बादशहाचा हात पृथ्वीवर कुणी ठेवला?

तर झालं असं की, चार वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या निमित्ताने तीन महिने हॉलंडला होतो. परतताना सगळे चॉकलेटं घेतात तशी मीही घेतली, पण त्याबरोबर एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एका छापचित्राची प्रतही घेतली. (मूळ नव्हे हो, मूळ घेण्याइतकं ऑनसाइटला मिळत नाही.) मध्ये ऐटीत बसलेला एक मिशीवाला भारदस्त बादशहा, त्याचा हात पृथ्वीच्या गोलावर, मागे शस्त्रं घेतलेली माणसं, पायाशी वाकलेले आणि बेड्यांत अडकलेले लोक. योहान निऊहॉफ नावाच्या डच माणसाच्या चीनवरच्या पुस्तकाचं हे मुखचित्र, ॲम्स्टरडॅम, १६६५. आणलं, फ्रेम केलं, घरी कामाच्या टेबलामागे टांगलं. आल्यागेल्याला सांगायचो, "हा शुन्झी बादशहा. ज्यानं काढला तो स्वतः पेकिंगला जाऊन आला होता बरं का."

मध्यंतरी एका व्हिडिओ कॉलवर बाकीची मंडळी यायची होती, तेव्हा टीममधल्या एका चिनी मुलीनं विचारलं, "तुझ्या मागे तो कोण आहे?" मी छाती फुगवून सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "शुन्झी? तो तर तेव्हा अगदी पोरगा होता ना? आणि त्याचा हात पृथ्वीवर का आहे?"

मीटिंग सुरू झाली, पण माझं लक्ष गेलं ते गेलंच. शुन्झीचा जन्म १६३८ चा. डच वकील त्याला भेटले १६५६ मध्ये. म्हणजे वय वर्षं १८. आणि माझ्या भिंतीवरचा गृहस्थ चांगला चाळिशीचा. एवढी साधी वजाबाकी मी चार वर्षांत केली नव्हती. वर लोकांना छातीठोकपणे सांगत होतो! मग दोन विकांत या एकाच प्रश्नामागे घालवले. हा लेख म्हणजे त्याचा हिशोब.

आधी निऊहॉफचं बघू. डच ईस्ट इंडिया कंपनीला चीनमध्ये खुला व्यापार हवा होता. मांचू लोकांनी १६४४ मध्ये पेकिंग घेतलं होतं, नवी राजवट होती, म्हटलं जमलं तर जमलं. १६५५ मध्ये दोन वकील निघाले आणि त्यांच्या लवाजम्यात कारभारी म्हणून हा निऊहॉफ. त्याला वेगळं काम दिलं होतं ते म्हणजे वाटेत दिसेल ते कागदावर उतरवायचं. पेकिंगला पोचल्यावर त्यांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा डोकं जमिनीला लावलं. बादशहा साधारण तीस पावलांवर, सोन्यानं झगमगणाऱ्या सिंहासनावर. पाव तास बसला, एक शब्दही बोलला नाही, उठून गेला. व्यापाराचं उत्तर मिळालं ते असं : दर आठ वर्षांनी एकदा या.

म्हणजे शुन्झीचा चेहरा या मंडळींना दिसला तो एवढाच. तीस पावलं म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून नवरामुलगा दिसतो तितपत.

निऊहॉफ १६५८ मध्ये मायदेशी परतला, टिपणं आणि चित्रं भाऊ हेंड्रिकच्या हवाली केली आणि पुन्हा पूर्वेला निघून गेला. (मधली काही वर्षं तो आपल्या मलबारात, कोल्लमला कंपनीच्या कामावर होता. शेवटी १६७२ मध्ये मादागास्करच्या किनाऱ्यावर उतरला तो परत आलाच नाही.) पुस्तक काढलं भावानं आणि याकोब फान म्युर्स या प्रकाशकानं. फान म्युर्स स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा कारागीर. पुस्तकात दीडशेच्या आसपास चित्रं होती आणि पुस्तक तुफान चाललं. त्याच वर्षी फ्रेंच, पुढच्या वर्षी जर्मन, १६६८ मध्ये लॅटिन, १६६९ मध्ये इंग्रजी. पुढची शंभर वर्षं युरोपला चीन म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर यायचं ते बरंचसं या पुस्तकातलं.

आता खरी गोष्ट. १९८४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात निऊहॉफचं मूळ हस्तलिखित सापडलं, त्याच्या स्वतःच्या चित्रांसकट. ती चित्रं अगदी साधी आहेत. नदी, तट, शहराची रेघ, एखादी होडी. छापील पुस्तकात त्याच जागी पुढे झोकदार पोशाखातली माणसं आली, माडासारखी झाडं आली, ढग आले. फान म्युर्सच्या कारखान्यातल्या लोकांनी चीन पाहिला नव्हता, पण गिऱ्हाईक पाहिलं होतं. आणि पृथ्वीच्या गोलावर हात ठेवलेला राजा ही तर शुद्ध युरोपची खूण. तिकडचे राजे राज्याभिषेकाला हातात गोल धरतात. गोल म्हणजे सत्ता, हे ॲम्स्टरडॅमच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. मग बादशहाला दिला गोल. त्या पोरसवदा शुन्झीला यातलं काही माहीत असायचं कारण नाही.

यावर कुणी म्हणेल, लबाड लेकाचे! मलाही आधी तसंच वाटलं. पण जरा खोलात गेलो तेव्हा लक्षात आलं की प्रश्न लबाडीचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. युरोपात राजाचा चेहरा प्रत्येकाच्या खिशात असायचा, नाण्यावर. राजा म्हणजे चेहरा. तिकडे चीनमध्ये काय होतं? तांब्याचं गोल नाणं, मध्ये चौकोनी भोक, आणि भोकाच्या भोवती चार अक्षरं, त्यात बादशहाच्या कारकिर्दीचं नाव. शुन्झी हेसुद्धा कारकिर्दीचं नाव. त्याचं स्वतःचं नाव फुलिन, आणि बादशहाचं खाजगी नाव प्रजेनं उच्चारायचं नाही असा दंडक. बादशहांची चित्रं काढली जात, पण ती राजवाड्यात आणि पूर्वजांच्या पूजेसाठी. बाजारात टांगायला नव्हेत.

आपल्याला यात नवल वाटायला नको. शिवराई आठवा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. चेहरा नाही. राजाचं नाव चालायचं, चेहरा लागायचा नाही.

तर युरोपच्या छापखानेवाल्याकडे गिऱ्हाईक चेहरा मागत होतं आणि चीनकडून चेहरा येत नव्हता. अशा वेळी काय करतात? आम्ही सॉफ्टवेअरवाले काय करतो? डेटा आला नाही की तात्पुरता खोटा डेटा भरतो आणि स्क्रीन दाखवतो. 'नंतर बदलू' असं म्हणतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

हा उद्योगही जुनाच. १४९३ मध्ये न्यूरेंबर्गला छापलेला जगाच्या इतिहासाचा तो सुप्रसिद्ध ग्रंथ घ्या. त्यात १८०९ चित्रं आहेत, पण लाकडी ठसे फक्त ६४५. एकच मुकुटवाला चेहरा वेगवेगळ्या शतकांतल्या वेगवेगळ्या राजांच्या नावावर खपवलाय. शहरांचंही तेच. वाचकाला त्यात फसवल्यासारखं वाटत नसावं. तिथे चित्र म्हणजे 'इथे एक राजा आहे' एवढीच पाटी. घोटाळा सुरू झाला तो पुढे, जेव्हा पुस्तकावर 'प्रत्यक्ष पाहून काढलेली चित्रं' असं अभिमानानं सांगायला लागले तेव्हा. पाटीचा फोटो झाला, पण आतला माल बराचसा पाटीचाच राहिला.

निऊहॉफनंतर दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, ॲम्स्टरडॅमलाच आणखी एक जाडजूड पुस्तक निघालं. लेखक अथानासिउस किर्खर, रोममधला जेझुइट पंडित. हा गृहस्थ चीनला कधीच गेला नाही. पण जगभरचे जेझुइट त्याला पत्रं लिहायचे, वस्तू पाठवायचे, येताजाता भेटायचे. त्यातला एक योहान ग्रुबर. हा १६६१ मध्ये पेकिंगहून निघाला, ल्हासा, नेपाळ करत आग्र्याला आला आणि पुढे रोमला गेला. किर्खरच्या पुस्तकात बादशहाचं एक पूर्णाकृती चित्र आहे. झुलता अंगरखा, हातात काठी, शेजारी कुत्रा. हो, कुत्रा! युरोपातल्या राजेलोकांच्या चित्रात शेजारी कुत्रा असतो, तसाच. कुत्रा दिसला की तिकडच्या वाचकाला घरच्यासारखं वाटत असणार.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आग्र्याहून रोमला जाताना ग्रुबरबरोबर हाइनरिख रोथ नावाचा दुसरा जेझुइट होता, जो आग्र्याला राहून संस्कृत शिकला होता. त्यानं किर्खरला नागरी अक्षरं लिहून दिली. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून याच पुस्तकात छापली, युरोपात देवनागरी छापली गेल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. विष्णूचे दहा अवतारही आहेत. म्हणजे ज्या पुस्तकात बादशहाशेजारी कुत्रा बसवला त्याच पुस्तकात, मी आत्ता ज्या लिपीत टंकतोय ती लिपी आहे, आणि ती ओळखू येण्याइतकी नीट आहे. फरक कशात पडला? अक्षरं जाणणाऱ्यानं स्वतः लिहून दिली होती आणि कोरणाऱ्यानं मुकाट्यानं गिरवली. चेहऱ्याच्या बाबतीत गिरवायला समोर फारसं काही नव्हतं, त्यामुळे हाताला सवयीचं होतं ते उतरलं.

एकदा चित्र छापलं की ते थांबत नाही. दुसरा छापखाना ते समोर ठेवून नवीन पत्रा कोरतो. आता पत्र्यावर जसं दिसतं तसंच कोरलं तर कागदावर ते उलटं उमटतं, त्यामुळे अशा उचललेल्या प्रतींत कित्येकदा डावा हात उजवा झालेला असतो. पुढे सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या बोव्हेच्या कारखान्यानं चीनच्या बादशहाच्या गोष्टी सांगणारे भलेमोठे विणलेले पडदे काढले. त्यांनी निऊहॉफ आणि किर्खर यांच्या पुस्तकांतली चित्रंच समोर ठेवली होती. म्हणजे तात्पुरता भरलेला डेटा आता रेशीम आणि लोकरीत जाऊन राजवाड्यांच्या भिंतीवर पोचला.

बरं, मग खरा चेहरा पाहिलेली माणसं नव्हतीच का? होती की. शुन्झीनंतर कांग्शी गादीवर आला, १६६१ पासून १७२२ पर्यंत. त्याच्या दरबारात जेझुइट वर्षानुवर्षं जवळ बसून त्याला भूमिती शिकवत होते. त्यातला एक फ्रेंच जोआकिम बुवे. कांग्शीनं त्याला फ्रान्सहून आणखी विद्वान आणायला परत पाठवलं. बुवेनं १६९७ मध्ये पॅरिसला कांग्शीचं शब्दचित्र छापलं आणि चौदाव्या लुईला अर्पण केलं. त्यात बादशहाच्या चेहऱ्यावर देवीचे थोडे व्रण असल्याचं तो सांगतो, पण त्यानं रूपाला उणेपणा येत नाही असंही लगेच जोडतो. (हे व्रण महत्त्वाचे. शुन्झी देवीनंच गेला असं मानतात. कांग्शीला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून गादीसाठी त्याचं पारडं जड झालं.)

आता बघा, इथे अंतर तीस पावलांचं नाही, हाताच्या अंतरावरचं आहे. तरी बुवेचा कांग्शी कसा आहे? विद्याप्रेमी, न्यायी, शिकारीत तरबेज, संयमी, म्हणजे थोडक्यात लुईचा पूर्वेकडचा जुळा भाऊ. फक्त ख्रिस्ती व्हायचा बाकी. बुवेला लुईकडून माणसं आणि पैसा हवा होता. त्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण वरिष्ठांपुढे सादरीकरण करताना आपण कुठली स्लाइड पहिली ठेवतो हे आपल्यालाही ठाऊक आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सनं १६९९ च्या आपल्या पुस्तकात बुवेच्या शब्दचित्राचा लॅटिन अनुवाद घेतला आणि कांग्शीचं चित्रही छापलं. आता बादशहा तत्त्वज्ञांचा लाडका झाला. जुलमी तार्तर ते शहाणा राजा, हा प्रवास तीसेक वर्षांत झाला, आणि त्यात चीनपेक्षा युरोपची गरज जास्त बदलली होती.

मला सगळ्यात आवडलेला किस्सा मात्र उलट बाजूचा आहे. कांग्शीचा नातू छ्येनलुंग. यानं मध्य आशियातल्या आपल्या लढायांची १६ मोठी चित्रं करवली, दरबारातल्या कास्तिलिओने आणि इतर युरोपीय मिशनऱ्यांकडून. आणि १७६५ मध्ये हुकूम काढला की ही युरोपला पाठवून तांब्याच्या पत्र्यावर कोरून आणा. कँटनच्या व्यापाऱ्यांनी फ्रेंच कंपनीशी करार केला. २०० संच हवे होते, पत्रेही परत हवे होते. म्हणजे चक्क आउटसोर्सिंग! गिऱ्हाईक पेकिंगला, टीम पॅरिसला, मध्ये वर्षभराचा समुद्रप्रवास. कास्तिलिओनेनं सूचनांचं पत्र जोडलं. पॅरिसला कोशाँ नावाचा मुख्य देखरेख करणारा, त्याच्या हाताखाली उत्तमोत्तम कारागीर. कोशाँला काही चित्रं कच्ची वाटली, मग त्यानं आपल्या मतानं ती 'सुधारून' घेतली. १७६७ ते १७७४ हे काम चाललं. कास्तिलिओने १७६६ मध्येच वारला, छापलेलं एकही चित्र न बघता.

यात बादशहा कुठे आहे? काही चित्रांत आहे, पण गर्दीत. मेजवानीच्या चित्रात तंबू, रांगा लावून बसलेले सरदार, आणि पालखीतून येणारा बादशहा. चेहरा शोधावा लागतो. ज्यानं स्वतः पैसे मोजून युरोपच्या सर्वोत्तम कारागिरांकडून काम करवून घेतलं, त्यानं आपला चेहरा मोठा करून मागितला नाही. सैन्य, शिस्त, रांगा, आपापल्या जागी असलेलं जग, हे त्याला दाखवायचं होतं. मला वाटतं, माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्यांचा त्यांना विचारला असता तर पृथ्वीवर हात ठेवलेला एकटा मिशीवाला त्यांनी काढलाच नसता.

आणि याच छ्येनलुंगच्या नशिबी शेवटी काय आलं ते बघा. १७९२ मध्ये इंग्लंडनं मॅकार्टनीला (हा आधी मद्रासचा गव्हर्नर होता) चीनला वकील म्हणून पाठवायचं ठरवलं. लंडनच्या गिलरे या व्यंगचित्रकारानं लगेच छापचित्र काढलं. लठ्ठ, सुस्त बादशहा गाद्यांवर रेललाय, तोंडात हुक्क्यासारखी लांब नळी, तुच्छतेनं बघतोय. पुढे मॅकार्टनी एका गुडघ्यावर, भोवती भेटवस्तू म्हणून लाकडी घोडा, उंदराचा सापळा असली खेळणी. या चित्रावरची तारीख १४ सप्टेंबर १७९२. मॅकार्टनीचं जहाज निघालं २६ सप्टेंबरला. आणि प्रत्यक्ष भेट झाली १४ सप्टेंबर १७९३ ला, बरोबर एक वर्षानं! भेट व्हायच्या आधीच भेटीचं चित्र बाजारात. खुद्द मॅकार्टनीनं लिहून ठेवलंय की ऐंशी ओलांडलेला हा बादशहा जेमतेम साठीचा वाटतो, ताठ आणि प्रसन्न. पण आजही त्या भेटीवरच्या लेखाशेजारी हटकून गिलरेचं चित्र दिसतं.

वकिलातीबरोबर विल्यम अलेक्झांडर नावाचा चित्रकार होता. त्याला भेटीच्या ठिकाणी, जेहोलला, नेलंच नाही. तो पेकिंगला बसून राहिला. भेटीचं त्याचं चित्र दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या कच्च्या रेखाटनांवरून केलेलं. चित्रकाराला न्यायचं आणि नेमक्या दिवशी मागे ठेवायचं, हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना अगदी ओळखीचं वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, चीनचे राजे, युरोपचे छापखाने, आपल्याला काय त्याचं? आहे ना. ज्या डच बाजारात निऊहॉफचा बादशहा विकला गेला, त्याच बाजारात १७२४ ते १७२६ मध्ये व्हॅलेंटाइन या डच लेखकाचा आशियावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात शिवाजी महाराजांचं एक चित्र आहे. आपल्याकडे बरीच वर्षं एका वेगळ्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये व्हॅलेंटाइनमधलं चित्र पुढे आणलं आणि ती चूक दुरुस्त झाली. डच मंडळींकडे हे चित्र आलं दख्खनी चित्रकारांच्या हातच्या लहान चित्रांवरून. तसल्या चित्रांचा एक संग्रह आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, महाराजांच्या चित्रासकट. म्हणजे इथे गिरवायला समोर काहीतरी होतं. शुन्झीच्या वाट्याला ते नशीब आलं नाही. त्याच कारागिरांचे हात, तेच तांब्याचे पत्रे. फरक पडला तो समोर काय ठेवलं होतं यानं.

हे कळल्यावर मला जरा हायसं वाटलं आणि थोडी धास्तीही वाटली. चुकीचं चित्र आपण किती वर्षं किती श्रद्धेनं बाळगू शकतो, याचं उदाहरण शोधायला पेकिंगपर्यंत जायची गरज नव्हती. ते माझ्या टेबलामागेही होतं.

असो. चित्र अजून भिंतीवर आहे. काढावंसं वाटलं नाही, कारण कारागिरी सुरेख आहे आणि त्या कोरणाऱ्याचा मला राग येत नाही. फक्त फ्रेमखालची चिठ्ठी बदलली. आधी मी 'शुन्झी बादशहा, पेकिंग' असं लिहिलं होतं. आता लिहिलंय, 'ॲम्स्टरडॅम, १६६५'. पुढच्या कॉलवर तिला दाखवली, तर म्हणाली, "हं, आता चालेल."